यिर्मया २९:११ चा आधार वाटेनासा झालाय? या चुका टाळा

एकतीस डिसेंबरच्या उपासनेत नव्या वर्षासाठी बायबलच्या वचनाची चिठ्ठी उघडावी आणि यिर्मया २९:११, म्हणजे यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या एकोणतिसाव्या अध्यायाचं अकरावं वचन निघावं, याचा आनंद काही वेगळाच. परमेश्वराचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत, पुढे आशा आहे! कार्ड फ्रिजवर लागतं. मग मार्चमध्ये नोकरी जाते किंवा रिपोर्ट वाईट येतो, आणि घरात कुणीतरी हळूच विचारतं, वचन खोटं ठरलं का? अशा वेळी आपण ते कसं वाचलं, हे आधी तपासावं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दहावं वचन गाळून अकरावं पाठ करणं. मुळात हे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यहूदाचा राजा यखन्या याला, राजमातेला, सरदारांना, कारागिरांना आणि लोहारांना बाबेलला नेलं. यिर्मया यरुशलेमातच राहिला. त्याने या बंदिवानांना पत्र लिहिलं आणि ते यखन्यानंतरचा राजा सिद्कीया याच्या वकिलांच्या हाती, एलासा आणि गमऱ्या यांच्याबरोबर, पाठवलं. त्यात अकराव्या वचनाच्या आधी स्पष्ट लिहिलंय: बाबेलची सत्तर वर्षं भरल्यावर मी तुम्हांला परत आणीन. पत्र ऐकणाऱ्या चाळिशीतल्या माणसाला तिथल्या तिथे कळलं असणार की आपण काही जात नाही, गेली तर नातवंडं जातील. हिताचे संकल्प ऐकवले गेले ते अशा माणसाला. हे एकदा ध्यानात आलं की लांबलेलं दुःख म्हणजे मोडलेलं वचन, असं वाटत नाही.

दुसरी चूक वचनावर तारीख टाकण्याची, आणि तीही जुनीच आहे. आदल्याच अध्यायात हनन्या संदेष्ट्याने भर मंदिरात, लोकांदेखत यिर्मयाच्या मानेवरचं, बाबेलच्या गुलामीची खूण असलेलं लाकडी जू काढून मोडलं आणि जाहीर केलं की दोन वर्षांत सगळे परत येणार. ऐकायला गोडच होतं. हनन्या त्याच वर्षी मेला; बंदिवास चालूच राहिला. आजही स्टेजवरून “तीन महिन्यांत तुमचं काम होणार” असं कुणी छातीठोक सांगितलं, तर मला हनन्याच आठवतो. सत्तर वर्षं नेमकी कुठून कुठवर मोजायची, यावर अभ्यासकांत वाद आहेत. बाबेल इ.स.पू. ५३९ मध्ये पारसचा राजा कोरेश याच्या हाती पडलं, यरुशलेमात पुन्हा बांधलेलं दुसरं मंदिर ५१५ च्या सुमारास पुरं झालं. हा हिशेब बायबल अभ्यासात जरूर मांडा, दुःखी माणसाच्या घरी नको.

वचन मिळालं म्हणून हातावर हात ठेवून बसणं ही तिसरी चूक. त्याच पत्रात पाचव्या ते सातव्या वचनांत सांगितलंय: घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या नगरात नेलंय त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. म्हणजे शत्रूच्या राजधानीसाठी! लोकांनी तिथे संसार मांडले, याचा बायबलबाहेरचा पुरावाही आहे. बाबेलच्या मुलखात ‘यहूदाचं गाव’ अशा नावाची एक वस्ती होती. तिथल्या मातीच्या पाट्यांवर यहूदी माणसांचे कर, कर्जं आणि जमिनींचे व्यवहार कोरलेले आहेत. सगळ्यात जुनी पाटी इ.स.पू. ५७२ ची. तेव्हा “देवाने शब्द दिलाय” म्हणून गोळ्या बंद करू नका, मुलीचं शिक्षण थांबवू नका, नोकरीचे अर्ज पाठवत राहा.

सांत्वनाला गेल्यावर दारातूनच हे वचन ऐकवू नये. मयत घरात असताना “देवाच्या योजना चांगल्याच असतात” हे समोरच्याला टोचतं. त्या दिवशी स्तोत्र १३७ जवळचं वाटेल. त्याच्या सुरुवातीला बाबेलच्या नद्यांकाठी बसून लोक रडताहेत. यिर्मयाचं पत्र महिन्याभराने काढा.

याउलट काही जण इतिहास कळल्यावर म्हणतात, मग हे त्यांचंच होतं, आपल्याला काय? तेही टोकाचं झालं. देवाची वचनं ख्रिस्तामध्ये ‘होय’ अशी आहेत, असं प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो. फक्त हे वचन एका अख्ख्या लोकसमूहाला दिलेलं आहे. एकट्याच्या प्रमोशनवर ते चिकटवलं की ताणलं जातं. मंडळी म्हणून, पिढ्यांचा विचार करून धरलं की बसतं.

पुढच्या वेळी प्रार्थनासभेत हा भाग वाचायची पाळी आली, तर चौथ्या वचनापासून चौदाव्यापर्यंत सलग वाचा. दोनेक मिनिटं लागतात.