लॉन सोलापूरचं, वेळापत्रक टोरांटोचं: या चुका टाळा

जुळे सोलापूर, होटगी रोड, विजापूर रोड या भागांत बंगल्यापुढे लॉन करायची हौस बऱ्याच जणांना असते. सल्ला मात्र मोबाइलवरून येतो, आणि व्हिडिओतला माणूस असतो कॅनडाचा नाहीतर अमेरिकेतल्या मिनेसोटाचा. तो खोटं सांगत नाही. त्याच्याकडे हिवाळ्यात जमीन गोठते आणि गवतही वेगळ्या जातीचं असतं. त्याच्या गवताला जे मानवतं, ते आपल्याकडे नेमकं उलटं पडतं.

सुरुवात बियाण्यापासूनच होते. थंड प्रदेशात केंटकी ब्ल्यूग्रास, फेस्क्यू, रायग्रास लावतात. त्यांना साधारण १५ ते २४ अंशांची हवा लागते. भाचा तिकडून येताना बियाण्याचं पाकीट घेऊन येतो, दिवाळीनंतर आपण पेरतो आणि जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत दृष्ट लागावी असं हिरवंगार दिसतं. होळीनंतर पिवळं पडायला लागतं आणि एप्रिलात वाळतं. मग पाणी कमी पडलं म्हणून माळ्यावर खापर फुटतं. खरं कारण असं, की उन्हाळ्याच्या तापमानात ही गवतं जेवढं अन्न तयार करतात त्याहून जास्त खर्च करतात आणि त्यांची मुळं आखडतात. पाण्याने ते भरून निघत नाही. (परदेशातून बी आणायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचा दाखला लागतो, हेही भाच्याला सांगून ठेवा.)

आपल्याकडे टिकते ती हरळी. ज्या हरळीच्या काशा वेचताना शेतकऱ्याची कंबर मोडते, तीच बंगल्यापुढे लावायची म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण ४२ अंशांच्या उन्हात पाणी तुटलं तर वरून वाळून जाणारी आणि पहिल्या पावसात पुन्हा फुटणारी तीच आहे. नर्सरीत ‘सिलेक्शन वन’ म्हणून मिळते ती हरळीचीच निवडलेली बारीक पानाची जात. ‘मेक्सिकन’, ‘अमेरिकन’ असल्या नावांवर जाऊ नका. जे गवत त्याच नर्सरीत मे महिन्यात उघड्यावर तग धरून आहे, ते घ्या.

जात बदलली की वेळापत्रकही बदलतं. टोरांटोत बी पेरतात ऑगस्टअखेर ते सप्टेंबरात, म्हणजे बर्फ पडायच्या आत मुळं धरतात. आपण लावायचं मृगाचा पाऊस झाल्यावर, जून-जुलैत. सोलापुरात मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरात होतो, तोवर गवत जमिनीला धरलेलं हवं. ‘हिवाळ्यापूर्वीचा खताचा डोस’ हाही तिकडचाच प्रकार. डिसेंबर-जानेवारीत हरळी मंदावते, थोडी मळकट दिसते. तेव्हा युरिया टाकून काही हाती लागत नाही. पावसाळ्यात, वाढ जोरात असताना, १०० चौरस फुटांना १०० ग्रॅम युरिया पुरे. ओल्या पानांवर फेकू नका, आणि टाकल्यावर लगेच पाणी द्या.

चुन्याची चूक सगळ्यांत महाग पडते. थंड, भरपूर पावसाच्या प्रदेशात माती आम्ल होते, म्हणून तिथे लॉनला चुना देतात. आपल्या काळ्या मातीत चुनखडी आधीच भरपूर असते आणि सामू (pH) बहुधा ८ च्या आसपास असतो. त्यात चुना म्हणजे पिवळेपणाला आमंत्रण. पिवळेपणा ओळखायचा कसा? वाकून एक काडी उपटा आणि पानं बघा. खालची जुनी पानं पिवळी असतील तर नत्र कमी आहे. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. लोह मातीत असतं, पण चुनखडीमुळे मुळांना घेता येत नाही. अशा वेळी फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, त्यात चिमूटभर लिंबूसत्त्व घालून संध्याकाळी फवारा. शहाबादी फरशीवर उडालं तर तांबूस डाग पडतो आणि तो घासून जात नाही, तेव्हा कडेला पोतं अंथरा.

कापणीचं थोडक्यात: तिकडे अडीच-तीन इंच उंची ठेवतात, हरळीला एक-दीड इंच पुरते. पण एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही, हा नियम दोन्हीकडे एकच.

आता आपल्याकडचा मोठा शत्रू. ऑगस्टमध्ये लॉनवर तपकिरी चट्टे पडतात, लोक बुरशी समजून औषध मारतात. थंड देशात बर्फ वितळल्यावर गवताला खरोखर बुरशी लागते, व्हिडिओत तीच दाखवलेली असते. इथे चट्ट्याच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढा. सतरंजीसारखं उचललं गेलं, तर खाली इंग्रजी ‘सी’सारख्या वळलेल्या पांढऱ्या अळ्या दिसतील. ती हुमणी. तिने मुळं खाल्लेली असतात, बुरशीनाशकाने तिचं काहीच बिघडत नाही. तिचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर संध्याकाळी कडुनिंबावर, बाभळीवर जमतात. तेव्हाच फांद्या हलवून ते रॉकेल घातलेल्या पाण्यात पाडायचे. जून-जुलैत मेटारायझियम (अळीला मारणारी उपयोगी बुरशी) कुजलेल्या शेणखतात मिसळून टाकायचं. शेणखत अर्धंकच्चं असेल तर हुमणी आणि तण दोन्ही घरपोच येतात. ब्रासवर माती घेतानाही ट्रॉली रिकामी करण्याआधी हात घालून बघा. लव्हाळ्याच्या काळ्या गाठी दिसल्या तर ती माती परत पाठवा, कारण नंतर वरून कितीही उपटलं तरी गाठ खालून फुटतच राहते.

राहिलं पाणी. नळाला रोज पाणी येत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको. त्याची फार चिंताही नको, कारण हरळीला रोज शिंपडण्यापेक्षा काही दिवसांआड भरपूर पाणी मानवतं. शिंपडलेलं पाणी वरच्या इंचात राहतं, मुळं तिथेच घुटमळतात आणि मेमध्ये जमीन भेगाळली की तुटतात. पाणी दिल्यावर लांब स्क्रू-ड्रायव्हर खुपसा, चार-पाच इंच सहज गेला म्हणजे झालं. पण हिशोब आधी करा. ५०० चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे जवळपास १,१८० लिटर, आणि उन्हाळ्यात आठवड्याला एवढ्यानेही भागत नाही. माझं स्पष्ट मत, १०० चौरस फुटांवर थांबा आणि उरलेल्या जागेत फरशी, कुंड्या, एखादा बोगनवेल करा. कडुनिंबाच्या दाट सावलीत तर लॉन करूच नका, हरळीला सहा तास ऊन लागतं. आरओ फिल्टरचं टाकाऊ पाणी ‘वाया कशाला’ म्हणून रोज एकाच कोपऱ्यात ओतू नका. त्यात क्षार एकवटलेले असतात, काळी माती ते धरून ठेवते आणि काही महिन्यांनी त्या कोपऱ्यात पांढरी पपडी धरते. ते पाणी फरशी धुवायला वापरा.