सरपण फोडायच्या यंत्राला पाळणा बसवताना

पावसाआधी सरपण फोडून रचून ठेवायचे दिवस आले. छाटणीत निघालेले आणि वाऱ्याने पडलेले ओंडके आत्ताच फोडले तर वेळेत वाळतील. साल ओलावा आत धरून ठेवते. फोडलेल्या अंगाने तो लवकर निघतो. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली गेला की जळण कमी धुरात नीट पेटते. ज्यांच्याकडे आडवे हायड्रॉलिक यंत्र आहे (तेलाच्या दाबावर सरकणारा दट्ट्या लोखंडी गर्डरवर ठेवलेला ओंडका पाचरीवर ढकलतो ते) त्यांनी काम काढण्याआधी एक दिवस यंत्रावरच खर्च करावा आणि त्याला ओंडका घरंगळू न देता धरून ठेवणारा पाळणा बसवून घ्यावा.

यंत्र लाकूड फोडते, पण उचलायचे आपल्यालाच असते. 40 सेंटिमीटर जाडीचा, 50 सेंटिमीटर लांबीचा ओला ओंडका साधारण 60 किलो भरतो. पाचर शिरली की दोन फाळक्या दोन बाजूंना धाडकन खाली. मग प्रत्येक फाळकी वाकून उचला, पुन्हा गर्डरवर ठेवा, पुन्हा फोडा. संध्याकाळी कंबर धरते ती यामुळे. त्याहून वाईट म्हणजे गोल ओंडका अरुंद गर्डरवर ठरत नाही, म्हणून माणूस एका हाताने तो धरतो आणि दुसऱ्याने यंत्र चालवायचा दांडा ओढतो. बोटे चिरडतात ती इथेच. माझ्या मते पाळणा हवा तो आधी या हातासाठी, कंबर त्यानंतर.

रचना सोपी आहे: गर्डरच्या दोन्ही अंगांना, बाहेरच्या बाजूला उघडत जाणारे दोन पंख. 40 मिमी अँगलची चौकट आणि आत दोन-तीन पट्ट्या किंवा जाड जाळी पुरते. सलग पत्रा लावू नका. त्यावर साल आणि भुसा साचतो.

उंचीच्या बाबतीत मात्र बहुतेकांचे चुकते, माझेही चुकले होते. पहिल्या पाळण्याच्या कडा मी चांगल्या उंच केल्या, ओंडका घरंगळू नये म्हणून. एका गाठाळ ओंडक्यात पाचर अर्धी शिरली, फाळक्यांना फाकायला जागाच उरली नाही आणि समोरचा अँगल डोळ्यांदेखत बाहेर वाकत गेला. तो तुटून उडाला असता तर मी त्याच बाजूला उभा होतो. म्हणून कड ओंडक्याच्या मध्याच्या बरीच खाली राहू द्या, एक तृतीयांश उंची पुष्कळ झाली. आणि पंख पाचरीच्या अलीकडेच संपवा. पाचरीजवळ लाकडाला दोन्हीकडे मोकळे फाकता आले पाहिजे. तिथे फाळक्या झेलायच्या असतील तर वेगळा सपाट, बिनकडेचा टेबल लावा. आपण उभे राहतो त्या बाजूचा पंख आखूड ठेवा, नाहीतर दर वेळी पुढे ओणवावे लागते.

वेल्डिंग करायचे ते सगळे पंख जमिनीवर ठेवून. गर्डरच्या वरच्या-खालच्या पट्टीला टाका लावू नका. फोडण्याचा सगळा ताण तो गर्डर घेतो. टाक्यापाशी तडा सुरू होतो आणि उष्णतेने पट्टी जरा वाकली तरी दट्ट्याची प्लेट अडकते. मधल्या उभ्या पट्टीच्या मध्यावर भोके पाडून 12 मिमीचे बोल्ट, स्प्रिंग वॉशरसह कसा. भोक पाडण्याआधी तेलाची टाकी कुठे आहे ते पाहा. काही यंत्रांत चाकांचा आडवा पाइपच टाकी असतो. दट्ट्याची प्लेट गर्डरच्या वरच्या पट्टीला खालून धरून सरकत असेल, तर तेवढी वाट ब्रॅकेटने सोडलीच पाहिजे.

काम करताना इंजिन बंद, प्लगची वायर काढलेली, दांडा मागे-पुढे करून तेलाचा दाब सोडलेला. पाइप पाझरतो का हे हाताने चाचपू नका, पुठ्ठा फिरवून पाहा. सुईएवढ्या छिद्रातून आलेले दाबाचे तेल कातडीच्या आत शिरते आणि मग थेट दवाखाना गाठावा लागतो.

पंखावर वजन आले की यंत्र एका अंगाला कलू शकते, म्हणून चाकांखाली अडसर म्हणून उटी लावा आणि जड बाजूला टेकू द्या. यंत्र उभे करूनही वापरत असाल तर पंख पिनेवर काढता-घालता येतील असे करा.

आधी दट्ट्या रिकामा, सावकाश, टोकापासून टोकापर्यंत चालवा आणि प्लेट कुठे घासते का ते बघा. मग एक सरळ, बिनगाठीचा, मध्यम ओंडका घ्या. दहा-बारा ओंडके झाले की सगळे बोल्ट पुन्हा आवळा. पहिल्या दिवशी ते सैल होतातच.