घरगुती पॉवर सप्लायसाठी करंट लिमिट: आधी गणित, मग सिम्युलेशन

मुख्य पास ट्रान्झिस्टरच्या (ज्यातून लोडचा सगळा करंट जातो) एमिटरशी एक लहान रेझिस्टर सिरीजमध्ये जोडा आणि दुसऱ्या, छोट्या ट्रान्झिस्टरचे बेस-एमिटर त्याच्या दोन टोकांवर ठेवा. रेझिस्टरवर सुमारे ०.६५ व्होल्ट पडले की छोटा ट्रान्झिस्टर वाहू लागतो व मुख्य ट्रान्झिस्टरचा बेस करंट स्वतःकडे वळवतो. म्हणून १ अँपिअरच्या आसपास मर्यादा हवी असल्यास ०.६८ ओहम घ्यावा, मर्यादा ०.९६ अँपिअर येते. रेझिस्टर २ वॅटचा असावा. आउटपुट व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या ऑप-अँपचे (अँप्लिफायर आयसीचे) आउटपुट थेट मुख्य ट्रान्झिस्टरच्या बेसला जोडू नका. मध्ये रेझिस्टर नसेल, तर छोटा ट्रान्झिस्टर ऑप-अँपशी झगडत राहतो.

खरी परीक्षा शॉर्ट सर्किटची असते. इनपुट १८ व्होल्ट असताना १२ व्होल्ट आउटपुटला पास ट्रान्झिस्टरमध्ये जेमतेम ५ वॅट उष्णता होते, पण आउटपुट शॉर्ट होताच तीच साडेसोळा वॅटवर जाते. हीटसिंक या दुसऱ्या आकड्यावरूनच निवडावा, असे माझे ठाम मत आहे.

एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये लोडला समांतर ०.०५ ओहमचा स्विच ठेवून तो १० मिलिसेकंदांनी चालू करा, म्हणजे आउटपुट शॉर्ट होईल. लोडचा करंट क्षणभर मर्यादेच्या कितीतरी वर उसळलेला दिसेल. तो आउटपुट कपॅसिटरमधून येतो, त्याला हे संरक्षण अडवू शकत नाही, म्हणून तो कपॅसिटर गरजेपेक्षा मोठा नसावा. नंतर तापमान २५ आणि ७५ अंश ठेवून पाहा: बेस-एमिटर व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्ट घटते, त्यामुळे मर्यादा ०.८१ अँपिअरपर्यंत उतरते.