डबल चिन: सुई टोचून घेण्याआधी चिमटा घेऊन बघा

हनुवटीखाली लोंबतं ते सगळं चरबीच असतं असं नाही, आणि पैसे वाया जातात ते इथेच. आरशासमोर मान सरळ ठेवून तिथली कातडी अंगठा आणि तर्जनीत धरा, मग दात घट्ट आवळा. आवळल्यावरही चिमटीत मऊ, जाड थर राहिला तर चरबी स्नायूच्या वर आहे; चरबी विरघळवणारं इंजेक्शन किंवा क्रायो (चरबी गोठवणं) तिलाच लागू पडतं. चिमटीतून निसटली तर ती बहुधा स्नायूखाली, तिथवर हे उपचार पोचत नाहीत. नुसती पातळ कातडी हाताला लागली तर चरबी काढल्यावर ती आणखीच लोंबेल. आता घोटभर पाणी प्या. गिळताना गळ्यातली गाठ वर सरकली तर आधी थायरॉइड तपासा.

इंजेक्शन डीऑक्सिकोलिक आम्लाचं. अमेरिकेत त्याला 2015 मध्ये मान्यता मिळाली. 1 सेंमी अंतरावर ठिपके आखून प्रत्येक ठिकाणी 0.2 मिली, एका बैठकीत जास्तीत जास्त 50 टोचण्या, म्हणजे 10 मिली. दोन बैठकांत किमान महिन्याचं अंतर, एकूण सहापर्यंत. जबड्याच्या हाडाखालची 1 ते 1.5 सेंमी पट्टी मोकळी सोडायची. ती सोडली नाही तर नस दुखावते आणि हसताना ओठ वाकडा होतो. बहुतेकांचा सुधारतो, पण वेळ लागतो. सूज मात्र बहुतेकांना येते, पहिले दोन-तीन दिवस जास्त. त्यामुळे सोलापुरात जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या जत्रेत, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत मिरवायचं असेल तर त्याच आठवड्यात बैठक नको. मे महिन्यातल्या लग्नासाठी नोव्हेंबर-डिसेंबरातच सुरुवात करा. सोलापूरच्या उन्हात स्कार्फ बांधतोच म्हणा, सूज झाकली जाते.

क्रायोत चरबी गोठवतात. साधारण पाऊण तास, परिणाम एक ते तीन महिन्यांत. क्वचित उलट होतं: तेवढाच भाग कडक होऊन वाढतो, मग लायपोसक्शनशिवाय इलाज नाही. थंडीने अंगावर गांधी उठत असतील तर हा नादच सोडा.

कातडी सैल असेल तर हायफू (ध्वनिलहरींनी कातडीचे आतले थर तापवणं) किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी (तेच रेडिओलहरींनी). फरक माफकच पडतो, तोही दोन-तीन महिन्यांनी. वजन वाढलेलं असेल तर आधी तेच उतरवा. जबड्याच्या व्यायामाने तिथली चरबी जळत नाही.

इंजेक्शन त्वचारोगतज्ज्ञाकडेच घ्या, पार्लरमध्ये नाही. बाटली तुमच्यासमोर फोडायला सांगा, नाव आणि मुदत वाचा. आधीच भरलेली सिरिंज पुढे आली तर खुर्चीवरून उठा.