सिगारेट सोडायची तर आधी चहाचं बघा

सोळा वर्षं ओढली, तीनदा सोडली, चौथ्या वेळी सुटली. आधीच्या तिन्ही वेळा चूक एकच होती. सिगारेट सोडली, पण टपरीवरचा चहा चालूच ठेवला.

"मी दिवसाला एकच ओढतो," असं म्हणणाऱ्यांसाठी आधी एक हिशेब. रोज २० ओढणाऱ्याला हृदयविकाराचा जेवढा जादा धोका, त्याच्या जवळपास निम्मा रोज एकच ओढणाऱ्याला असतो. विसावा हिस्सा नव्हे, निम्मा. रक्तात गुठळी व्हायला थोडा धूरही पुरतो. म्हणून "हळूहळू कमी करतो" यावर समाधान मानू नका. ब्रिटनमधल्या डॉक्टरांची १९५१ पासून पन्नास वर्षं पाहणी झाली, त्यात कायम ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षं आधी गेले. तिशीत सोडणाऱ्यांची ती वर्षं जवळजवळ सगळी वाचली, पन्नाशीत सोडणाऱ्यांची सुमारे ६, आणि साठीत सोडणाऱ्यांचीसुद्धा ३.

तारीख ठरवा, वही घाला. दोन आठवड्यांच्या आतली तारीख धरा. तोवर प्रत्येक सिगारेट लिहा: किती वाजता, कुठे, कोणाबरोबर. माझ्या वहीत दिवसाच्या अकरांपैकी सात चहाला चिकटलेल्या निघाल्या. तुमच्या कदाचित जेवणाला किंवा बॉसच्या फोनला चिकटलेल्या असतील.

चहा निम्मा करा. हे कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. सिगारेटच्या धुरामुळे लिव्हर कॅफिनचा निकाल झपाट्याने लावतं. धूर थांबला की तेवढ्याच चहातलं कॅफिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं. छाती धडधडते, झोप उडते, चिडचिड होते. माणसाला वाटतं ही सिगारेटची तलफ, आणि तो टपरी गाठतो. फुलच्या जागी कटिंग घ्या, संध्याकाळचा चहा पहिले काही आठवडे बंद, आणि उरलेला चहा टपरीवर उभं राहून नको, घरी बसून. दम्याची किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर सोडण्याआधी डॉक्टरांच्या कानावर घाला. काहींचा डोस याच कारणाने बदलावा लागतो.

आदल्या रात्री झडती. शर्टाचे खिसे, गाडीची डिकी, ऑफिसचा ड्रॉवर, लायटरसकट सगळं बाहेर. टपरीवरचं खातंही मिटवा. सुट्या सिगारेटी विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, पण मामा एक काढून देतातच. मी त्यांना म्हटलं, "मामा, माझं पान फाडा." त्यांनी नुसती आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "पान राहू दे, लागेल."

पहिले तीन दिवस. सगळ्यात वाईट हेच. निकोटिन दोन-तीन दिवसांत अंगातून जातं, सवय मात्र राहते. टपरीला पूर्वी सिगारेट पेटवायला जळता सुंभ टांगलेला असायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ती म्हण मला त्या आठवड्यात कळली. तलफेची एक लाट काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा: जिना उतरा, वेलची चघळा, कोणाला तरी फोन लावा. कोणी नसेल तर पाकिटावरच छापलेला १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर आहे, फुकट.

निकोटिनचं २ मिलिग्रॅमचं गम औषधाच्या दुकानात मिळतं. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटवत असाल तर ते कमी पडू शकतं, डॉक्टरांना विचारा. गरोदर असाल किंवा हृदयाचं दुखणं असेल तरीही आधी विचारा. आणि हे गम च्युइंगमसारखं कचाकच चघळायचं नसतं, मी तेच केलं आणि उचक्यांनी बेजार झालो. हळूहळू चावा, जिभेला झिणझिणलं की गाल आणि हिरडीच्या मध्ये सारून ठेवा, झिणझिण गेली की पुन्हा चावा. असा अर्धा तास. त्याआधी १५ मिनिटं चहा-कॉफी नको, नाहीतर निकोटिन तोंडात नीट शोषलं जात नाही.

काही दिवस खोकला वाढेल, पोट साफ होणार नाही, वजनही थोडं चढेल. पाणी प्या, पेरू-काकडी हाताशी ठेवा, चाला. यातल्या कशासाठीही पुन्हा पेटवू नका.

घसरलात तर. एक ओढली गेली म्हणजे तारीख बुडाली असं नाही; दुसरी ओढू नका, आणि ती कुठे, कोणाबरोबर ओढली ते वहीत लिहा. पाकिटात उरलेल्या आधी नळाखाली धरून भिजवा, मग टाका. कोरड्या टाकल्या तर रात्री अकराला कचऱ्याचा डबा उपसत बसतो माणूस. मी बसलोय.