बीमवरच्या इटालियन मुली कशा बघाव्यात

ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्स लागलं की आपण तोंडात बोटं घालून बघतो आणि पडद्यावर गुण झळकले की गोंधळतो. अवघड उड्या मारणारी मागे आणि साधी वाटणारी पुढे, हे कसं? ते समजून घ्यायला इटलीच्या मुलींच्या कसरतींसारखी शाळा नाही. सुरुवात पॅरिसच्या बीम, म्हणजे अरुंद तुळईवरच्या कसरतीच्या फायनलपासून करा, तारीख 5 ऑगस्ट 2024.

आधी फरशीवर दोन रेघा ओढा

खडूने, 10 सेंटीमीटर अंतरावर. बीमची रुंदी एवढीच असते. लांबी 5 मीटर, उंची सव्वा मीटर. रेघांच्या मधे चवड्यांवर उभं राहून नुसती अर्धी गिरकी घेऊन बघा. टाच रेघेबाहेर जातेच. आता तीच गिरकी सव्वा मीटर उंचीवर, त्यानंतर मागे कोलांटउडी, आणि सगळं दीड मिनिटात. हे एकदा अंगाने कळलं, की पुढचं बघणं बदलतं.

मग गुणाचे दोन तुकडे करा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, इथे वेळ द्या. गुणाचे दोन भाग असतात. ‘डी’ म्हणजे काठिण्य: काय काय केलं त्याची बेरीज. ‘ई’ म्हणजे सफाई: 10 पासून सुरू होते आणि प्रत्येक चुकीला कापली जाते. दोन्हींची बेरीज म्हणजे अंतिम गुण. त्यातून कधी वेगळा दंडही वजा होतो.

पॅरिसला चीनच्या जोऊ याचिनचं काठिण्य 6.6 होतं. इटलीच्या आलीचे दामातोचं 5.8. म्हणजे आलीचे सुरुवातीलाच 0.8 ने मागे, या खेळात ही दरी फार मोठी. पण जोऊचा तोल गेला, बीमला हात लावून सावरावं लागलं, सफाईचे 7.5 मिळाले. आलीचेला 8.566. बेरीज करा: 14.100 आणि 14.366. सुवर्ण आलीचेला. इटलीच्या महिला जिम्नॅस्टिक्सचं ऑलिंपिकमधलं पहिलं सुवर्ण. तिचीच सहकारी मानिला एस्पोझितो 14.000 वर कांस्य घेऊन गेली.

आता पावलं आणि खांदे बघा

हवेतली उडी आपोआप दिसतेच, नजर उतरण्यावर ठेवा. पाय टेकल्यावर खांदा हलला, हात हवेत फिरले, पाय वर उचलावा लागला, की कापणी होते: 0.1, 0.3 किंवा 0.5, चूक असेल तशी. खाली पडलं तर थेट 1. त्या दिवशी अमेरिकेची सिमोन बाइल्स पडली, सुनीसा लीही पडली, दोघी 13.100 वर थांबल्या. काही जण म्हणतात, बाकीच्या पडल्या म्हणून इटली जिंकली. मला ते अजिबात पटत नाही. आलीचेची कसरत एकटीच लावून बघा. उडीनंतर तिची पावलं बीमवर ठेवल्यासारखी बसतात. न पडणं हीच तर बीमची परीक्षा आहे.

पदक समारंभही सोडू नका. दोघी इटालियन मुली पदक दातात धरून फोटो देतात. शेजारी जोऊ त्यांच्याकडे बघते आणि तीही आपलं पदक हळूच ओठांशी नेते.

नावं नीट म्हणायला शिका

‘अ‍ॅलिस’ नाही, आलीचे. तिची जुळी बहीण आझिया 2022 ची युरोपियन विजेती. दुखापतीमुळे तिला पॅरिसला उतरता आलं नाही. आलीचे आणि मानिलाबरोबर संघात आणखी होत्या जॉर्जा व्हिला, एलिझा इओरिओ आणि आंजेला आंद्रेओली. या पाच जणींनी 30 जुलैला सांघिक रौप्य जिंकलं. सांघिक फायनलमध्ये प्रत्येक साधनावर तिघी उतरतात आणि तिघींचेही गुण धरतात, त्यामुळे एकीची चूक सगळ्यांना भोवते. याआधीचं इटलीच्या मुलींचं ऑलिंपिकमधलं सांघिक पदक 1928 च्या अ‍ॅमस्टरडॅमचं, तेही रौप्यच. त्या संघातली लुइजिना जावोत्ती अवघी 11 वर्षांची होती.

शेवटी वानेस्सा फेरारीकडे वळा, पण क्रमाने

ती इटलीचीच, आधीच्या पिढीतली. थेट टोकियो ऑलिंपिक लावू नका. आधी 2006 ची जागतिक स्पर्धा, डेन्मार्कमधलं ऑर्‌हुस: 15 वर्षांची वानेस्सा बीमवरून पडूनही सगळ्या साधनांच्या एकत्रित गुणांवर जगज्जेती होते. मग लंडन 2012 ची फ्लोअर, म्हणजे जमिनीवरच्या कसरतीची फायनल. तिचे आणि रशियाच्या अलिया मुस्ताफिनाचे गुण सारखे, 14.900. बरोबरी झाल्यावर सफाईचा आकडा पाहिला गेला, तो मुस्ताफिनाचा जास्त. कांस्य तिला, वानेस्सा चौथी. रिओ 2016 मध्ये पुन्हा चौथी. त्याच रिओत व्हॉल्टवर, म्हणजे धावत येऊन मारायच्या उडीत, आपली दीपा कर्माकर 0.150 ने कांस्य हुकून चौथी आली होती, तेव्हा ही जागा किती बोचते ते आपल्याला वेगळं सांगायला नको. पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियलच्या जागतिक स्पर्धेत वानेस्साच्या घोट्यामागचा स्नायुबंध तुटला.

एवढं पाहून झालं, की टोकियोची फ्लोअर फायनल लावा. ती तिशीत आहे. वही जवळ ठेवा, प्रत्येक उतरणीला किती कापले असतील ते लिहा, आणि कसरत संपली की आकडा येण्याआधी व्हिडिओ थांबवून तुमचा अंदाज मांडा. मग चालू करा: 14.200, रौप्य.