शिडाच्या जहाजातून माल न्यायचाय? आधी माल ठरवा, जहाज नंतर

शिडाची मालवाहतूक परत सुरू करायची म्हटलं की सगळे लगेच जहाजावरच येतात, लांबी किती, डोलकाठ्या किती, लाकडाचं की स्टीलचं. माझं मत उलटं आहे, आधी माल, मग वारा, जहाज सगळ्यात शेवटी.

फ्रान्सच्या ब्रिटनी भागातली ग्रॅन द सेल कंपनी बघा. त्यांनी आधी कॉफी भाजायचा आणि चॉकलेटचा धंदा उभा केला, तो चालायला लागला तेव्हा कुठे २०२० मध्ये ५० टन माल नेणारं शिडाचं जहाज पाण्यात सोडलं, जाताना फ्रेंच वाइन न्यूयॉर्कला आणि येताना कॅरिबियनकडून कोको वगैरे, म्हणजे परतीला जहाज रिकामं नाही आणि आणलेल्या मालाचं गिऱ्हाईक घरचंच. २०२४ ला ३५० टनांचं दुसरं आलं. हा क्रम मला फार पटतो.

माल असा हवा की किलोमागे भाव चांगला आणि दोन महिने सहज टिकेल. नेदरलँड्सचं त्रेस ओंब्रेस हे जहाज २००९ पासून इंजिनाशिवाय मालवाहतुकीत उतरलं, ते घेतं ३५ टन, म्हणजे जेमतेम दोन कंटेनरचा माल, आणि मोठ्या कंटेनर जहाजावर वीस हजाराच्या वर कंटेनर असतात! एवढ्याशा जागेत सिमेंट भरलं तर खलाशांचा पगार पण सुटणार नाही, म्हणून रम, कोको, कॉफी.

वाऱ्याशी भांडायचं नाही. युरोपातून कॅनरी बेटांपर्यंत खाली यायचं, तिथून ईशान्येच्या व्यापारी वाऱ्यांवर कॅरिबियन, परतताना उत्तरेला चढून पश्चिमेचे वारे धरायचे आणि अझोर्स बेटांवरून घरी. लांबचा रस्ता आहे पण फुकटचा वारा तिथेच आहे. जून ते नोव्हेंबर कॅरिबियनकडे चक्रीवादळांचा सीझन, तो टाळूनच खेप आखा, आणि गिऱ्हाइकाला तारीख देऊ नका, महिना सांगा.

आता माल भरणं, इथे घाई केली की सगळं वाया. जड पिंपं तळाला आणि मधोमध, पोती त्यांच्यावर, आणि सगळं इतकं घट्ट की जहाज कलंडलं तरी काही सरकायला नको, कारण माल एका बाजूला घसरला तर जहाज परत सरळ होत नाही. पोत्यांखाली फळ्या टाका, भिंतीपासून थोडं अंतर ठेवा. गरम प्रदेशातून थंडीत शिरताना आतल्या हवेतली वाफ लोखंडावर जमून थेंब थेंब पडते आणि कॉफीला बुरशी धरते, म्हणून हवा कोरडी असेल त्या दिवशी मालाच्या खणाची झाकणं उघडायची. कॉफी वास पण पटकन ओढते, रंगाचे डबे, डिझेल जवळपाससुद्धा नको.

कोकणात करायचं असेल तर हापूसचा मोह सोडा, तो वाट बघत नाही आणि त्याच्या मागोमाग पाऊस येतो. काजूगर, आमसुलं, नाचणी, मसाला असं सुकं घ्या. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की खेपा, पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं आणि दुपारचे खारे वारे वापरायचे, आपल्या जुन्या तांडेलांचं, म्हणजे गलबत चालवणाऱ्या म्होरक्यांचं, हेच गणित होतं. अजून कुठल्या बंदरात कोणी म्हातारा तांडेल भेटला तर आधी त्याच्याजवळ बसा, वही घेऊन. आणि जहाजाची ऑर्डर द्यायच्या आधी मुंबईत जास्त भाव द्यायला तयार असलेले दहा दुकानदार शोधून त्यांच्याकडून लेखी घ्या.